सासुरवाडी आणि राजमर्जी

एखादा मनुष्य थोड्या अवधींत उच्च पदास चढला म्हणजे लोक त्याच्या उत्कर्षाचीं दोन कारणें हटकून सांगतात. एक त्याची सासुरवाडी, आणि दुसरें वरिष्ठांची मर्जी. कचेरींत कोणास बढती मिळो, कीं कोणाची मोठ्या जागेवर नेमणूक होवो, चार जणांच्या बैठकींत हीं दोन कारणें निघाल्यावांचून राहत नाहींत; आणि तीं बहुधा एकाच दमांत सांगितलीं जातात, जणूं तीं एकाच वेलीचीं दोन फळें आहेत. आमच्या मतें या दोन गोष्टी मुळांतच भिन्न आहेत. कोणत्या बाबतींत भिन्न, हें नुसत्या उपदेशानें मनावर ठसत नाहीं. त्यासाठीं एखादें खरें चरित्र डोळ्यांपुढें असावें लागतें. असें एक चरित्र या महिन्यांत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. स्कॉटलंडमधील एका बेताच्या उत्पन्नाच्या सरदारानें श्रीमंताच्या मुलीशीं लग्न केलें, राजपुत्राची प्रीति संपादन केली, आणि अखेर तो इंग्लंडचा मुख्य प्रधान झाला. त्याच्या हयातींत आणि नंतरही लोकांनीं त्याचा हिशेब याच दोन शब्दांत मिटवून टाकला. तो हिशेब कितपत बरोबर आहे तें पाहूं.

जॉन स्टुअर्ट याचा जन्म २५ मे १७१३ रोजीं एडिंबरो येथें झाला. स्कॉटलंडच्या पश्चिमेस, क्लाइड नदीच्या मुखाबाहेर, ब्यूट नांवाचें एक लहानसें बेट आहे. तेथील अर्लपद त्याच्या घराण्यांत चालत आलें होतें. वडील १७२३ सालीं वारले, आणि वयाचीं दहा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच तो ब्यूटचा तिसरा अर्ल झाला. किताब मोठा, परंतु मिळकत लहान. आई मात्र कँपबेल या बलाढ्य घराण्यांतील, आर्गाइलच्या ड्यूकची बहीण. तेव्हां पितृहीन भाच्याचें पालकत्व मामांकडे आलें. मामांनीं त्यास इंग्लंडांत ईटनच्या शाळेंत घातलें, आणि पुढें हॉलंडांत लायडेनच्या विद्यापीठांत कायद्याच्या अभ्यासास पाठविलें. मुलगा देखणा, वाचनप्रिय आणि कांहींसा अबोल होता. झाडाझुडपांची गोडी त्यास तरुणपणींच लागली, आणि ती अखेरपर्यंत सुटली नाहीं.

१७३६ सालीं त्यानें मेरी वॉर्टली माँटेग्यू हिच्याशीं विवाह केला. तेव्हां त्याचें वय तेवीस आणि तिचें अठरा होतें. या मुलीचें नांव वैद्यकाच्या इतिहासांत एका निराळ्याच कारणानें आलेलें आहे. तिचे वडील एडवर्ड हे तुर्कस्तानांत इंग्लंडचे वकील असतांना, १७१८ सालीं कॉन्स्टँटिनोपल येथें ती जन्मली. तिच्या आईनें, जिचेंही नांव मेरीच होतें, तुर्की स्त्रिया मुलांस देवीची लस टोचतात ही चाल तेथें पाहिली, आणि आपल्या मुलास तेथेंच टोचवून घेतलें. पुढें १७२१ सालीं लंडनांत देवीची सांथ आली तेव्हां या धीट बाईनें आपल्या तीन वर्षांच्या मुलीस वैद्यांच्या समक्ष टोचविलें. जेन्नरनें गाईच्या देवीची लस काढली ती १७९६ सालीं. म्हणजे ही गोष्ट तिच्याही पाऊणशें वर्षें आधींची. इंग्लंडांत या उपायाचा मार्ग प्रथम जिच्या दंडावरून गेला तीच ही मुलगी पुढें लेडी ब्यूट झाली.

आतां या लग्नाची खरी हकीकत ऐका. वधूपिता अतिशय श्रीमंत होता. कोळशाच्या खाणी आणि मोठी जमीनजुमल्याची मिळकत त्याच्यापाशीं होती. परंतु द्रव्य सांठविण्याविषयीं जितकी त्याची ख्याति होती तितकी तें खर्चण्याविषयीं नव्हती. जांवई कुलीन असला तरी निर्धन. तेव्हां हें स्थळ मुलीच्या आईबापांच्या मनास येईना. मुलीनें हट्ट सोडला नाहीं. गंमत अशी कीं, आईनें स्वतः १७१२ सालीं बापाची संमति नसतांना घरांतून निघून जाऊन लग्न केलें होतें. मुलीस बोल लावण्यास तिला तोंड नव्हतें. लग्न झालें, पण सासऱ्यानें थैलीची गांठ सोडली नाहीं. ‘श्रीमंताचा जांवई’ हें बिरुद ब्यूटला लग्नाच्या दिवशीं मिळालें. श्रीमंतीचें तोंड दिसण्यास त्यानंतर चोवीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

मधला काळ मोठ्या ओढगस्तीचा होता. १७०७ सालीं दोन्ही राज्यें एक झाल्यापासून स्कॉटलंडच्या उमरावांनीं आपल्यांतून सोळा जण निवडून लंडनच्या वरिष्ठ सभेंत पाठवावे असा नियम होता. ब्यूट १७३७ सालीं निवडून आला, पण १७४१ सालीं त्याची निवड झाली नाहीं. लंडनांत राहण्याचा खर्च झेपेना. तेव्हां नवराबायको आपल्या बेटावर जाऊन राहिलीं. पावसाचा आणि वाऱ्याचा तो मुलूख. करमणूक म्हणजे पुस्तकें, शेती आणि वनस्पती. या जोडप्यास पांच मुलगे व सहा मुली झाल्या. श्रीमंतींत वाढलेल्या मुलीनें हीं वर्षें कुरकुर न करतां काढलीं. तिची आई तर १७३९ पासून परदेशींच राहत होती. परंतु मायलेकींचा पत्रव्यवहार अखंड चालला, आणि त्यांत नातींना कोणतें शिक्षण द्यावें याविषयीं आजीनें लिहिलेलीं पत्रें आजही आवडीनें वाचलीं जातात.

१७४५ सालीं स्कॉटलंडांत पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूनें बंड उसळलें. ब्यूट राजनिष्ठ होता, आणि त्या धामधुमीनंतर हें कुटुंब लंडनच्या आसपास येऊन राहिलें. येथून दैवानें निराळेंच दान टाकलें. १७४७ सालीं एगम येथें घोड्यांच्या शर्यती होत्या. राजाचा वडील पुत्र, युवराज फ्रेडरिक, तेथें आला होता. एकाएकीं पाऊस लागला. तंबूंत वेळ घालविण्यासाठीं युवराजास पत्ते खेळावयाचे होते, आणि चौथा गडी मिळेना. तेव्हां जवळच असलेल्या लॉर्ड ब्यूटला बोलावून आणलें, अशी गोष्ट सांगतात. ती अक्षरशः खरी असो वा नसो, ओळख त्या सुमारास झाली आणि वाढली हें खरें. १७५० सालीं युवराजाच्या खासगीकडे त्याची नेमणूक झाली. फ्रेडरिकचें मात्र त्याच्या योग्यतेविषयीं विशेष मत नव्हतें. जेथें करण्यासारखें कांहींच काम नाहीं अशा एखाद्या ऐटबाज लहानशा दरबारीं हा उत्तम वकील शोभेल, असें तो म्हणे अशी आख्यायिका आहे.

१७५१ सालीं युवराज फ्रेडरिक अकस्मात् वारला. मागें विधवा राजस्नुषा ऑगस्टा आणि बारा वर्षांचा वारस जॉर्ज हीं राहिलीं. आजोबा राजा आणि सून यांचें फारसें पटत नव्हतें. मुलगा लाजाळू, अभ्यासांत मंद, आणि कोणावर विश्वास ठेवावा हें न कळणारा. १७५५ पासून ब्यूट त्याचा शिक्षक झाला, आणि येथें त्याच्या आयुष्यांतील खरोखर चांगलें असें एक काम त्याच्या हातून झालें. त्यानें मुलाकडून राज्यघटना, जमाखर्च आणि इतिहास या विषयांवर निबंध लिहून घेतले. ऑक्सफर्ड येथें ब्लॅक्स्टन कायद्यावर जीं व्याख्यानें देत असे त्यांची लेखी प्रत मिळवून ती शिष्याकडून वाचून घेतली. आळस झटकून टाकण्यास शिकविलें. पितृहीन मुलास गुरूच्या ठिकाणीं पिता सांपडला. जॉर्जनें ब्यूटला लिहिलेलीं शेंकडों पत्रें उपलब्ध आहेत. त्यांत तो त्यास आपला परमप्रिय मित्र म्हणतो. लेडी सेरा लेनक्स या सुंदर तरुणीवर त्याचें मन जडलें तेव्हां तिच्याशीं लग्न करावें किंवा नाहीं हा प्रश्नही त्यानें ब्यूटपुढेंच ठेवला. ब्यूटनें नको म्हटलें, आणि शिष्यानें तें मुकाट्यानें मानलें.

गुरूवर इतकी निष्ठा असावी हें आपल्याकडील वाचकांस गोड वाटेल. परंतु त्यांत एक उणीव होती, आणि ती आम्ही येथें स्पष्टपणें सांगूं इच्छितों. शिष्यास स्वतःच्या पायांवर उभें करणें ही अध्यापनाची परिसमाप्ति होय. ब्यूटनें जॉर्जला ज्ञान दिलें, नीति दिली, पण गुरूच्या अनुमतीवांचून पाऊल टाकण्याची संवय दिली नाहीं. आणि गुरूलाही तें अवलंबून असणें सुखावह वाटूं लागलें असावें. दोघेही एकमेकांचे टेकू झाले.

२५ ऑक्टोबर १७६० रोजीं म्हातारा राजा वारला, आणि बाविसाव्या वर्षीं तिसरा जॉर्ज सिंहासनावर बसला. आतां ब्यूटच्या दारीं भाग्याची रीघ लागली. १७६१ च्या जानेवारींत सासरा वारला. मुलगा उधळा निघाल्यामुळें त्यास वर्षासन तोडून देऊन म्हाताऱ्यानें आपली बहुतेक अफाट संपत्ति मुलीकडे येईल अशी व्यवस्था करून ठेविली होती. मार्चमध्यें ब्यूट राजाच्या दोन मुख्य चिटणीसांपैकीं एक झाला. त्याच वर्षीं त्याच्या पत्नीस तिच्या स्वतःच्या नांवें उमरावपद मिळालें. ऑक्टोबरांत विल्यम पिटनें राजीनामा दिला, पुढल्या मेमध्यें न्यूकॅसलनें दिला, आणि २६ मे १७६२ रोजीं ब्यूट मुख्य प्रधान झाला. त्याच सुमारास गार्टर हा राज्यांतील सर्वांत मानाचा किताबही त्यास मिळाला. बेटावर खर्च भागेना म्हणून मन मारून बसलेला मनुष्य एकोणपन्नासाव्या वर्षीं राज्याच्या शिखरावर होता.

पण शिखरावर उभें राहण्यास जी जागा लागते ती त्याच्यापाशीं नव्हती. पिटपाशीं लोकांचें प्रेम होतें. न्यूकॅसलपाशीं चाळीस वर्षांची उठबस आणि सभासदांची फौज होती. ब्यूटपाशीं एक राजा होता. चिटणीस होण्यापूर्वीं त्यानें एखादें खातें चालविलें नव्हतें, सभा गाजविली नव्हती, कीं कोणास उपकारानें बांधून ठेविलें नव्हतें. त्यांत तो स्कॉच, त्यांत आडनांव स्टुअर्ट. पंधरासोळा वर्षांपूर्वींचें बंड लंडनचे लोक विसरले नव्हते. तो स्कॉच लोकांसच जागा वांटतो अशी ओरड झाली. राजमाता ऑगस्टा हिच्याशीं त्याचें नांव जोडून गलिच्छ चित्रें निघालीं. त्या आरोपास कांहीं पुरावा नाहीं. परंतु निंदेला पुरावा लागत नाहीं. जॉन विल्क्स याच्या ‘नॉर्थ ब्रिटन’ पत्रानें तर त्याच्यावर आठवड्याच्या आठवड्याला आग पाखडली. १७६१ च्या नोव्हेंबरांत लंडनच्या महापौराच्या मेजवानीस जातांना जमावानें त्याची गाडी घेरली. संरक्षणासाठीं मल्ल भाड्यानें आणावे लागले होते.

त्याच्या हातून कांहींच चांगलें झालें नाहीं असें मात्र म्हणतां येणार नाहीं. डॉक्टर जॉन्सन या कोशकारास १७६२ सालीं वर्षाला ३०० पौंडांचें वर्षासन मिळालें तें याच्याच कारकीर्दींत. जॉन्सननें आपल्या कोशांत वर्षासन या शब्दाचा अर्थ देतांना तें घेणाऱ्यांची थट्टा केलेली, आणि स्कॉच लोकांची तर तो नेहमींच करी. तो घेण्यास कचरला तेव्हां ब्यूटनें त्यास सांगितलें कीं, हें वर्षासन पुढें करावयाच्या चाकरीबद्दल नसून आजवर झालेल्या कामाबद्दल आहे. केलेल्या कामाचें मोल आणि नुसती मर्जी यांतील फरक ब्यूटला कळत होता, हें यावरून दिसतें. दुसऱ्याच्या बाबतींत तो कळला. आपल्या बाबतींत त्याचा उपयोग झाला नाहीं.

सात वर्षें चाललेलें फ्रान्सशीं युद्ध संपविणें हें त्याचें मुख्य कार्य. राष्ट्राचें कर्ज सुमारें १३ कोटी पौंडांवर गेलें होतें. तेव्हां तह अवश्य होता. १७६२ च्या डिसेंबरांत लोकसभेनें तहाच्या अटी ३१९ विरुद्ध ६५ मतांनीं मान्य केल्या, आणि १० फेब्रुवारी १७६३ रोजीं पॅरिस येथें सह्या झाल्या. क्यानडा इंग्रजांकडे आला. पण जिंकलेलीं कांहीं बेटें परत दिलीं म्हणून लोक खवळले. या तहाचें अकरावें कलम हिंदुस्थानासंबंधीं आहे. पानिपतचा संग्राम झाला त्याच आठवड्यांत, जानेवारी १७६१ मध्यें, इंग्रजांनीं घेतलेली पुदुचेरी त्यानें फ्रेंचांस परत मिळाली, आणि दक्षिणेचा खरा सुभेदार सलाबतजंग होय असें दोन्ही राजांनीं मान्य केलें. सलाबतजंग म्हणजे १७६० सालीं उदगीरच्या लढाईंत सदाशिवरावभाऊंनीं ज्याच्या फौजेस नमविलें तोच. परंतु कागदावर सह्या झाल्या तेव्हां तो बिदरच्या किल्ल्यांत कैदेंत होता! भाऊ निजामअली यानें त्यास १७६२ च्या जुलईंतच गादीवरून खालीं ओढलें होतें, आणि १७६३ च्या सप्टेंबरांत कैदेंतच त्याचा अंत झाला. पॅरिसमधील दोन राजांची संमति त्याच्या कांहीं उपयोगी पडली नाहीं. दूरच्या थोरांच्या मान्यतेनें पायांखालची जमीन घट्ट होत नाहीं हें सलाबतजंगास बिदरांत कळलें, आणि त्याच सुमारास ब्यूटला लंडनांत.

कारण तहानंतर कर्ज फेडण्यासाठीं सफरचंदाच्या मद्यावर दर पिपामागें चार शिलिंग कर बसविला गेला. पैशापेक्षांही सरकारी शिपाई घरांत शिरून पिंपें तपासणार याचा लोकांस अधिक संताप आला. ‘जॉन ब्यूट’ यावर श्लेष करून लोक रस्त्यांत जॅकबूट, म्हणजे गुडघ्यापर्यंतचा जोडा, जाळूं लागले. ब्यूटची प्रकृति ढासळली, धीर सुटला, आणि ८ एप्रिल १७६३ रोजीं त्यानें राजीनामा दिला. मुख्य प्रधानपद उणेंपुरें साडेदहा महिने टिकलें. द्वेष मात्र त्याहून पुष्कळ टिकला. दोन वर्षांनीं, १४ ऑगस्ट १७६५ रोजीं, अमेरिकेंत बॉस्टन येथें कागदांवरील मुद्रांक-कराविरुद्ध लोक उठले तेव्हां त्यांनीं झाडाला एक बूटही टांगला. तो कर दुसऱ्याच प्रधानानें बसविला होता.

आणि राजमर्जीचें काय झालें? नव्या प्रधानांनीं ब्यूटचा सल्ला घेऊं नये अशी अट राजाला घातली. १७६५ सालीं ब्यूटच्या भावास स्कॉटलंडमधील अधिकारपदावरून दूर करणें राजाला भाग पडलें. १७६६ च्या पुढें तर गुरुशिष्यांचा संबंध जवळजवळ तुटलाच. यांत आम्ही जॉर्जला कृतघ्न म्हणणार नाहीं. तो आतां प्रौढ झाला होता. स्वतःच्या डोळ्यांनीं पाहूं लागला होता. आणि पाहिल्यावर गुरु थोर मुत्सद्दी नाहीं हें त्यास दिसलें. मर्जी ही गरजेंतून उत्पन्न होते, आणि गरज सरली म्हणजे तिचा ओघ आटतो. ब्यूट पुढें सव्वीस वर्षें जगला. लोक पडद्याआड त्याचाच हात आहे असें कितीतरी काळ बोलत राहिले, आणि तिकडे राजवाड्याचें दार त्यास बंद होतें.

आतां दुसऱ्या बाजूकडे वळूं. ज्या लग्नास लोक ‘धनासाठीं केलेलें’ म्हणत तें लग्न धन येण्यापूर्वीं जसें होतें तसेंच धन आल्यावर आणि अधिकार गेल्यावर राहिलें. पंचावन्न वर्षांहून अधिक काळ हा संसार चालला. सासऱ्याच्या संपत्तीमुळें अधिकार गेल्यावरही ब्यूटला कोणापुढें हात पसरावा लागला नाहीं. ल्यूटन येथें त्यानें रॉबर्ट अ‍ॅडम याच्याकडून मोठा वाडा बांधविला, ग्रंथसंग्रह केला, समुद्रकांठीं हायक्लिफ येथें घर केलें. पण आमचें लक्ष त्या संपत्तीकडे नाहीं. बेटावरील तंगीच्या दिवसांत जी गांठ घट्ट बसली होती ती गादीवर कोण बसलें आणि उठलें यानें सैल झाली नाहीं, हें आम्हांस महत्त्वाचें वाटतें.

दुसरी एक गोष्टही त्याच्याजवळ राहिली. ती म्हणजे वनस्पतींची विद्या. ऑगस्टानें १७५९ सालीं क्यू येथें वनस्पतींची बाग सुरू केली ती त्याच्याच सल्ल्यानें, आणि ती आज जगांत अग्रेसर गणली जाते. १७८५ च्या सुमारास त्यानें ब्रिटनमधील वनस्पतींवर चित्रांसह नऊ खंडांचा ग्रंथ छापविला. प्रती अवघ्या बारा! राजवाड्याचें दार बंद असूनही तो त्यानें राणी शार्लट हिला अर्पण केला. हायक्लिफच्या कड्यावर एक रोप काढतांना तो पडला आणि त्या दुखण्यांतून पुरा उठला नाहीं, असें सांगतात. १० मार्च १७९२ रोजीं त्याचा अंत झाला, आणि त्याच्याच बेटावर रॉथसे येथें त्याचें दफन झालें.

या विद्येचें स्मारक मात्र आमच्या दारापर्यंत आलेलें आहे. मुंजींत बटूच्या हातीं ज्याचा दंड देतात, ज्याच्या समिधा होमांत पडतात आणि ज्याच्या पानांच्या पत्रावळींवर आपल्या कितीतरी पिढ्या जेवल्या, त्या पळसाचें शास्त्रीय नांव ‘ब्युटिया’ असें आहे, आणि तें याच ब्यूटच्या स्मरणार्थ ठेविलेलें आहे. कोरोमांडल किनाऱ्यावरील वनस्पतींविषयीं रॉक्सबर्ग या स्कॉच शास्त्रज्ञानें जो ग्रंथ लिहिला त्यांत १७९५ सालीं हें नांव छापून निघालें. ब्यूट स्वतः कधीं हिंदुस्थानांत आला नाहीं. त्याचें प्रधानपद येथें कोणास ठाऊक नाहीं. पण त्याचें नांव आमच्या रानांत दर फाल्गुनांत फुलतें.

मर्जी मिळाली तर ती नाकारावी असें आमचें म्हणणें नाहीं. थोरांचा आश्रय अनेक गुणी माणसांस लागला आहे आणि पुढेंही लागेल. परंतु तो मिळाला असतां त्याच्या सावलींत आपलें म्हणून कांहीं उभें करून ठेवावें. एखादें काम अंगीं मुरवावें, चार माणसें आपल्या गुणानें जोडावीं. ब्यूटनें अधिकाराच्या बाबतींत हें केलें नाहीं. विद्येच्या बाबतींत केलें. आणि ज्या घरांत मुलीचें लग्न व्हावयाचें आहे तेथील वडील मंडळींस आमची एवढीच विनंति कीं, मुलाची आजची प्राप्ति अवश्य पाहावी, पण तेवढ्यावर निकाल करूं नये. वॉर्टली माँटेग्यूनें जांवयाची रिकामी थैली पाहिली ती खरीच होती. परंतु त्या जांवयाच्या ठिकाणीं जें होतें तें त्याच्या अठरा वर्षांच्या मुलीनें बापापेक्षां अधिक नीट पाहिलें होतें.